मी ज्या वहीवर बसलो होतो

आमची सूनबाई मीठ वजनकाट्यावर तोलून घालते. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो आणि घरी त्याबद्दल बोलणी खातो. पण आज सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पुढे जे रामायण घडलं ते या मोजण्यावरूनच घडलं. आणि त्यात रावण कोण होता तेही सांगतो, जरा दम धरा.

लग्न होऊन ती घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. स्वयंपाकघरात ती चहा करत होती. आमची ही, म्हणजे माझी बायको, दारात उभी आणि मी हिच्या मागे. बघतो तर सूनबाई कंबरेत वाकलेली, एक डोळा मिटलेला, दुसरा डोळा काचेच्या मापाच्या रेघेला लावलेला, आणि मापात दूध. दूध रेघेच्या वर गेलं होतं. तिने ड्रॉपर काढला आणि जास्तीचं दूध थेंब थेंब करून परत पातेल्यात सोडलं.

"बाई गं," ही म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही प्यायलो तो काय चहा नव्हता?"

"होता ना आई. पण रोज वेगळा होता."

ते खरंच होतं. त्या दिवशी मी तिचं नाव थेंबूताई ठेवलं. ती बी.एस्सी. होती, रसायनशास्त्राची. आमच्या घरात तोवर सगळ्यात शिकलेला माणूस मी. सातवी पास, तीही खेड्यातल्या शाळेतून, जिथे एकच गुरुजी चार इयत्तांना चार कोपऱ्यांत बसवून शिकवायचे आणि मध्येच त्यांना झोप लागली की आम्ही चारही इयत्ता एकाच वेळी पुढे जायचो.

गुरुजींनी मला गणित शिकवलं नाही, पण अक्षर दिलं. पाटीवर एक गोल वाकडा आला की म्हणायचे, "पूस. सगळं पूस. परत." त्या अक्षरावर मी जन्मभर पोट भरलं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे गाडी लावू नये'च्या तर मी किती रंगवल्या असतील, आणि त्यातल्या प्रत्येकीखाली आज गाडी उभी असते. असो. नमनालाच घडाभर तेल नको.

नात रांगायला लागली तेव्हा सूनबाईला कॉलेजात नोकरी लागली. प्रयोगशाळा सहायक. मी एकदा तिथल्या दारांवर नावं रंगवायला गेलो होतो, तेव्हा तिची खोली नीट पाहिली. लांबलचक टेबल, त्यावर ॲसिडने खाल्लेले गोल डाग. कपाटात बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. ब्युरेट म्हणून एक काचेची उभी नळी असते, अंगभर आकडे आणि खाली तोटी. तशा तीस नळ्या धुऊन उलट्या टांगलेल्या, शाळेतल्या पोरांना शिक्षा केल्यासारख्या. ही मागची खोली. पुढच्या खोलीत प्राध्यापक फळ्यावर लिहिणार, मुलं प्रयोग करणार. मध्ये एक दार आणि दाराला एक वीतभर काच. अकरा वर्षं सूनबाईने रसायनशास्त्र त्या काचेतून ऐकलं.

मग एक दिवस प्राध्यापक आजारी पडले. चाळीस मुलं येऊन उभी. सूनबाई दार उघडून पुढच्या खोलीत गेली आणि प्रयोग घ्यायला लागली. तोटीला लटकलेला अर्धाच थेंब कसा घ्यायचा, तो काचेच्या कडेला टेकवून पाण्याने खाली कसा धुवायचा, हे तिने प्रत्येकाचा हात धरून दाखवलं म्हणे. तास संपला तरी मुलं हलेनात. तेवढ्यात विभागप्रमुख दारात. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "छान. पण बाई, शिकवणं तुमच्या कामात बसत नाही."

त्या संध्याकाळी जेवण खारट झालं. वजनकाटा कपाटातच होता, मीठ हाताने पडलं होतं. आम्ही सगळे खाली मान घालून जेवलो. शेवटी आमच्या मुलाने पाणी पिऊन विचारलं, "काय झालं?"

हे वाक्य त्याच्या मानाने भाषण म्हणायचं. तो फ्रीज दुरुस्त करतो आणि फ्रीजइतकाच बोलतो, म्हणजे मधूनमधून घरघर.

"मला प्राध्यापक व्हायचंय," सूनबाई म्हणाली.

"मग हो," मुलगा म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला.

"हो म्हणजे?" आमची ही कडाडली. "चौतीस पूर्ण झाली ना गं तुला? लेक सातवीत आहे तुझी!"

"दोन वर्षं एम.एस्सी., मग पीएच.डी.ची चार-पाच. चाळिशीपर्यंत होईल आई."

"आणि तोवर तुझी लेक कॉलेजात पोचेल!"

"मग मी आईच्या वर्गात बसणार नाही," नात म्हणाली. "ती दूध मोजते तसे मार्क मोजेल."

आता वाटा दोन होत्या. विभागप्रमुखांनी सुचवलेली पहिली. टपालाने एम.एस्सी. घरी पुस्तकं येतात, घरबसल्या वाचायचं, नोकरीला धक्का नाही. "कागद तोच मिळतो," ते म्हणाले. सूनबाईने विचारलं, "सर, टपालाने ब्युरेट येते का?" दुसरी वाट विद्यापीठाची. दोन तासांवरचं शहर, पूर्ण वेळ, कॉलेजातून दोन वर्षं बिनपगारी रजा. तिथे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी जागा एकच, आणि वयाची अट पस्तिसाच्या आत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. दोन्ही अर्जांची मुदत एकाच आठवड्यात, आणि एक भरला की दुसरा भरायचा नाही.

आठ दिवस दोन्ही अर्ज जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होते. येणारा-जाणारा मत देऊन गेला. शेजारचा शिंपी म्हणाला टपाल. त्याची बायको म्हणाली विद्यापीठ, आणि त्यावरून त्यांच्या घरात आमच्यापेक्षा मोठं भांडण झालं. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर टपालाच्या अर्जाच्या पाठीवर वाण्याच्या सामानाची यादी लिहिलेली. डाळ, साबण, काड्यापेटी. परतीचे दोर असे कोणी कापलेले मी पाहिले नाहीत.

विद्यापीठातून पत्र आलं. मुलाखतीला या, आणि येताना स्वतः केलेल्या प्रयोगांची वही आणा.

इथे माझा, म्हणजे रावणाचा, प्रवेश.

ती वही मला माहीत होती. त्याचं असं झालं होतं की आमच्या हिने एकदा कुरकुर केली, नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. दुसरं कोणी असतं तर साबण बदलला असता. सूनबाईने पाणी मोजायला घेतलं. दर शनिवारी बाटलीभर पाणी कॉलेजात न्यायची, त्यात कसली तरी पूड टाकली की पाणी डाळिंबी व्हायचं, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं, आणि पाणी निळं झालं की थांबून आकडा लिहायचा. जितके थेंब जास्त तितकं पाणी जड. असं प्रत्येक वेळी तीनदा. असे तीन वर्षांचे शनिवार त्या वहीत होते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तिने थेंबाथेंबाने वही साचवली होती.

मी वही उघडली. अहो, काय ती दशा! डाग, सुरकुत्या, ओळीच्या ओळी खोडलेल्या. समासात तिरकं लिहिलेलं, 'हात हलला, हा धरू नये', 'पूड जुनी, परत करणे'. एका जागी तर अख्खं दीड पान खोडलेलं आणि वर कसला तरी वाळलेला पांढरा डाग. मी म्हटलं, ही घेऊन पोरगी मोठमोठ्या प्राध्यापकांपुढे बसणार? माझ्या गुरुजींनी हिला वहीसकट बाहेर उभं केलं असतं.

मी नवी वही आणली. जाड कागदाची, शिवणीची. तीन आठवडे रोज दुपारी, सूनबाई कॉलेजात गेली की मी बसायचो. लाल शाईने समास, काळ्या शाईने मजकूर. खोडलेलं सगळं गाळलं, कारण चूक कशाला दाखवायची? समासातली गिचमिड गाळली. आणि आकडे. आता हे नीट ऐका. प्रत्येक शनिवारचे तीन आकडे असायचे, १२.३, १२.५, १२.४, असे. मला वाटलं, पाणी एक, बाटली एक, बाई एक, मग आकडे तीन कसे? घाईत चुकली असेल बिचारी. पाटीवरची अक्षरं जशी एका उंचीत आणतात तसे मी आकडेही एका उंचीत आणले. १२.४, १२.४, १२.४. काय देखणे दिसत होते!

"आबा, आईला विचारलंत का?" नातीने एकदा मागून डोकावून विचारलं.

"गप. तिला मुलाखतीतच कळू दे. खूश होईल."

"आई अशा गोष्टींनी खूश होत नाही."

"तू सातवीत आहेस."

"तुम्हीसुद्धा सातवीच आहात."

मुलाखतीच्या दिवशी सोबतीला मीच निघालो. मुलाला कुठल्याशा हॉटेलच्या मोठ्या फ्रीजने बोलावलं होतं. बसमध्ये सूनबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, तेव्हा मी तिच्या पिशवीतली वही हळूच काढली आणि माझी घातली. दोन्हींना खाकी कव्हर मीच चढवलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नाही.

विद्यापीठाचा व्हरांडा लांब, आणि बाक सिमेंटचा. माझी कंबर जुनी. सिमेंट गार लागलं म्हणून मी माझ्या पिशवीतून सूनबाईची जुनी वही काढली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. बरं वाटलं. सूनबाईला आत बोलावलं. मी तिला म्हटलं, "घाबरू नको. वही उघडलीस की काम झालं."

काम झालंच.

पंधरा मिनिटांत दार उघडलं आणि ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"आबा, माझी वही कुठंय?"

"ही काय तुझ्या हातात! बघितलीस? कशी वाटली?"

"ही नाही. माझी."

"अगं तीच ती. जरा स्वच्छ..."

"आबा, मॅडम विचारतायत, तीन वर्षं प्रत्येक वेळी तिन्ही आकडे सारखे कसे आले. असं जगात कुठेच येत नाही. त्यांना वाटतंय मी घरी बसून मनाने लिहिलेत. मी म्हटलं हे अक्षर माझं नाही, तर म्हणाल्या मग प्रयोगही तुमचा नाही." तिने घड्याळात पाहिलं. "आणखी पाच मिनिटं दिलीत मला. खरी वही कुठंय? घरी आहे का?"

मी उठलो. उठावंच लागलं. खरी वही माझ्याखाली होती.

तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या अडुसष्ट वर्षांत मला बरेच लोक रागावलेत. गुरुजी, गिऱ्हाइकं, आमची ही तर रोजच. पण न बोलता इतकं कोणी रागावलं नव्हतं. तिने वही उचलली, झटकली आणि म्हणाली, "तुम्हीपण चला आत."

आत तिघं बसली होती. दोन सर, आणि मध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या मॅडम. टेबलावर सूनबाईचा अर्ज, आणि त्यावर लाल पेन आडवं ठेवलेलं. त्या लाल पेनाकडे बघून मी शाळकरी पोरासारखा हात बांधून उभा राहिलो.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी सासरा."

"हे अक्षर तुमचं?"

"हो," मी म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही मला जरा बरं वाटलं.

"फार सुंदर आहे."

"गुरुजींची कृपा. मी पाट्या रंगवतो."

"पण आबा, हे खोटं आहे," मॅडम म्हणाल्या.

"खोटं नाही हो! फक्त स्वच्छ केलंय. चुका काढल्या, आकडे सारखे केले..."

उजवीकडच्या सरांनी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "आकडे सारखे केले की ते आकडे राहत नाहीत, नक्षी होते. इथे कोणी असं केलं तर आम्ही त्याला घरी पाठवतो. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी तारीख आणि सही. पुसायचं नाही कधी."

जन्मभर 'पूस, सगळं पूस' ऐकलेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याने कुठे बघावं? मी छताकडे बघितलं. तिथे एक पंखा होता. मग मी म्हटलं, "मॅडम, जी काय शिक्षा असेल ती मला करा. तिने यातलं एक अक्षर पाहिलं नव्हतं. खरी वही मी... मी तिच्यावर बसलो होतो."

मॅडमनी खरी वही उघडली. आधी भराभर, मग सावकाश पानं उलटायला लागल्या. समास वाचायला लागल्या. त्या दीड पानापाशी थांबल्या.

"हे काय आहे? तीन आठवड्यांचं सगळं खोडलंय."

सूनबाई सरळ बसली. "मॅडम, आधी मी नळाचं पाणी न घालता नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर प्रयोग करते. ते शुद्ध असतं, त्यामुळे डाळिंबी व्हायलाच नको, सुरुवातीलाच निळं दिसायला हवं. पण त्या आठवड्यात डाळिंबी झालं, आणि निळं व्हायला थेंब लागले. शून्य यायचं तिथे ०.४ आलं. पुढच्या शनिवारीही तेच."

"मग?"

"विभागप्रमुख सर म्हणाले, तुमचा हात चुकला असेल. मी नवी पूड आणली, भांडी बदलली, तरी ०.४. म्हणजे शुद्ध पाणीच शुद्ध नव्हतं. ते ज्या यंत्रात बनतं त्यात वाफ गार करायला नळाचं पाणी फिरतं. मला वाटलं, ते कुठेतरी आत झिरपतंय. पण भोक दिसेना. मग मी यांना बोलावलं."

"यांना म्हणजे? कोणत्या प्राध्यापकांना?"

"माझ्या मिस्टरांना. ते फ्रीज दुरुस्त करतात."

डावीकडचे सर पहिल्यांदाच पुढे वाकले.

"फ्रीजची नळी गळते का हे बघायला ते तिच्यात हवा भरतात आणि बाहेरून साबणाचा फेस लावतात. जिथे फुगा येईल तिथे भोक. तसंच केलं. सुईच्या टोकाएवढं भोक निघालं. तो पांढरा डाग त्या फेसाचा आहे. मग मागचे तीन आठवडे मी रद्द केले, कारण त्यात ते पाणी वापरलं होतं."

मॅडमनी माझी वही शेजारी उघडली आणि तेच पान शोधलं. "इकडे हे नाहीच."

"मी गाळलं," मी पुटपुटलो. "मला वाटलं, सगळं चुकलेलं आहे."

"आबा," मॅडम म्हणाल्या, "दोन्ही वह्यांत मिळून कामाचं पान हेच आहे." आणि त्यांनी अर्जावरचं लाल पेन उचलून खिशाला लावलं. "निकाल पत्राने कळेल."

परतीच्या बसमध्ये सूनबाई खिडकीकडे तोंड करून बसली. एक तास गेला. मी तीनदा खोकलो, दोनदा डबा उघडून बंद केला. शेवटी तीच म्हणाली, "आबा, समास मात्र छान आखलेत."

"लाल शाई परदेशी होती," मी म्हटलं, आणि मग ती जी हसायला लागली ती उतरेपर्यंत थांबली नाही. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. आमची ही मला म्हणाली, "करायला गेला गणपती आणि झाला माकड!" नात म्हणाली, "मी सांगितलं होतं." मुलाने एवढंच विचारलं, "फेस त्यांना आवडला?"

बारा दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती. मी पत्र उघडणार होतो, पण हिने माझ्या हातून काढून घेतलं. "तुम्ही नको. त्यातही काही दुरुस्ती कराल."

आता त्याला चार वर्षं झाली. एम.एस्सी. झाली, पीएच.डी. चालू आहे, पाण्यावरच, आणि त्याच मॅडमच्या हाताखाली. पाटीवर प्राध्यापक लिहायला अजून अवकाश आहे, पण पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग तीच घेते. पुढच्या खोलीत उभी राहून. शिकवणं आता तिच्या कामात बसतं.

मागच्या महिन्यात तिने मला तिची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. दारातून आत शिरताच समोर काचेचं कपाट, आणि त्यात काय? मुलाखतीच्या दिवशी मॅडमकडेच राहिलेली माझी वही! उघडून ठेवलेली, लाल समास झळकतोय, १२.४, १२.४, १२.४. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी त्या कपाटापुढे उभं करतात म्हणे. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'अशी वही लिहू नये'.

माझे डोळे भरून आले. सूनबाईला वाटलं मला वाईट वाटलं.

"आबा, काढू का ती?"

"वही राहू दे गं," मी म्हटलं. "पण ही चिठ्ठी कोणी लिहिली? अक्षर आहे का हे? अशाने कपाटाची शोभा जाते. मी पाटी रंगवून देतो."

तिने जरा विचार केला आणि हो म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात मी रंग, ब्रश आणि पत्र्याचा तुकडा घेऊन गेलो आणि तिथेच बसून रंगवली. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. 'नये' जरा उतरणीला लागलं. मी सवयीने पुसायला फडकं उचललं, आणि वर बघितलं तर सूनबाई हातात ब्युरेट धरून माझ्याकडे नुसती बघत होती.

फडकं मी गुपचूप खिशात घातलं. पाटी तशीच लावली आहे. उतरणीसकट.